परत पाठवलेला वाटा

समाज एकत्र का राहतो, हा विषय मी कनिष्ठ महाविद्यालयात वर्षानुवर्षं शिकवला. फळ्यावर मोठा गोल काढायचा, गोलात माणसं, माणसांमध्ये बाण. मुलं पोंभुर्ण्याच्या आसपासच्या खेड्यांतली. ती बाण मुकाट वहीत उतरवून घ्यायची. त्यांच्या घरी हे सगळं रोजच चालतं, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझा तासच इतका रंगायचा.

मी आणि बायको तेव्हा तलावाकाठच्या एका गावात भाड्याने राहत होतो. उन्हाळ्यात तलावाचं पाणी गुडघ्यावर आलं की सारं गाव एक दिवस ठरवून पाण्यात उतरतं. जाळी, टोपल्या, जुनी लुगडी, हाताला येईल ते घेऊन मासे धरतात. मग पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांवर सारखे ढीग घालतात, घरटी एक. एक माणूस ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस एखाद्या घराचं नाव घेतो. मोठा मासा कोणाकडेही गेला तरी मग भांडायचं कोणाशी?

पहिल्या वर्षी मी पाळीवर छत्री उघडून, हातात वही धरून उभा होतो. मी म्हणे निरीक्षण करत होतो. दुपारी शेजारचे भाऊ, गावातले जाणते, पान घेऊन दारात आले.

"सर, तुमचा वाटा."

"मी तर पाण्यात पायसुद्धा घातला नाही," मी म्हणालो. "ज्याला गरज असेल त्याला द्या."

आपण किती निःस्वार्थी, या विचाराने मलाच भरून आलं होतं. भाऊ "बरं" म्हणाले आणि पान घेऊन गेले.

कोणी रागावलं नाही. बोलणं तसंच, हसणं तसंच. पावसाळ्याच्या तोंडी गावदेवी मातेच्या पूजेसाठी घरोघरचे मूठभर तांदूळ जमवत बायका आल्या आणि आमचं दार सोडून पुढच्या घरी गेल्या. बायको तांदूळ घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने हाक मारून विचारलं, तेव्हा शेजारच्या बाई अवघडून म्हणाल्या, "तुमचं घर धरलं नाई न, बाई. सरनं वाटा वापस केला होता."

बायको माझ्याकडे वळली. "आपलं घर गावात नाही? मग राहतो कुठे आपण?" त्याच आठवड्यात मी वर्गात एकटं पडण्याची भीती शिकवली होती. उदाहरण परदेशातलं दिलं होतं.

खुलाशाचं भाषण तयार करून मी भाऊंकडे गेलो. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"सर, वाटा मेहनतीचा नसते, चुलीचा असते. म्हातारी बाई उतरते का पाण्यात? तिलेबी भेटते. तुमी नाई म्हणलं, तं आमाले वाटलं, तुमाले आमच्यात राह्यचं नाई."

"मग आता?"

"आता पुढच्या साली पाहू."

ते वर्ष मी या विषयावरची आणखी पुस्तकं वाचण्यात घालवलं. बायको न बोलावता भाताच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, गेली, लग्नघरी तांदूळ निवडायला बसली, एका बाळंतिणीचं पाणी भरून आली. मला वाटलं, तिचा वेळ जात नसेल.

पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या आधी मी पाण्यात उतरलो. आधी चिखलात चप्पल गेली, मग चष्मा. चष्मा शोधायला तिघांना मासे सोडावे लागले. माझ्या टोपलीत एकच खेकडा आला, तोही मला चावून निघून गेला. गाव पोट धरून हसलं. मला मात्र बरं वाटत होतं. आता तरी आपलं घर धरतील.

ढीग लागले. भाऊ पाठ करून बसले. एकेक घर येत गेलं. म्हाताऱ्या बाईंचं आलं, दोन दिवसांपासून तापाने पडून असलेल्या माणसाचं आलं. ढीग कमी होत चालले तसा मी उरलेले पुन्हा पुन्हा मोजू लागलो. एवढा शिकलेला माणूस, चिखलाने माखून मूठभर मासोळ्यांसाठी रडायच्या बेतात आलो होतो. शेवटी दोनच ढीग उरले.

"हा कोणाचा?"

"सरच्या बाईचा."

मी पान दोन्ही हातांनी उचललं. घरी ती दारातच वाट पाहत होती.

"कोणाच्या नावाने आला?"

"तुझ्या," मी म्हणालो.

तिने पदराने डोळे पुसले, पान हातात घेतलं आणि विळी माझ्यापुढे सरकवली. "मग बसा. साफ तरी करा."