बाबा मागच्या सीटवर बसले नाहीत

मंडळी, आज सुट्टी होती, तरी जीव थकलाय.

कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमध्ये लॉनवर जुनी, लांबलचक अमेरिकन गाडी ठेवलीय, फोटो काढायला. नेरळहून बाबांना मुद्दाम घेऊन गेले. ते आयुष्यभर एका शेठकडे अशाच गाडीवर ड्रायव्हर होते.

"तवा या कंपनीचं नाव काढलं की माणसं आवाज खाली करायची," बाबा वाटेत सांगत होते. पुढे तीच गाडी पेट्रोल पिणारा पांढरा हत्ती ठरली. मग नवरदेव मिरवायला भाड्याने फिरली. तिकडे कंपनी आता बॅटरीवरच्या गाड्या काढून गेलेलं नाव परत मिळवू बघतेय म्हणे.

इथे मात्र बॉनेटवर पोरं नाचत होती. बाबांनी रुमाल काढून आरसा पुसला.

आमचा नंबर आला. म्हटलं, "बाबा, आज तुम्ही मागं बसा."

"मागं आपण नाय बसत गं."

"शेठ जाऊन किती वर्षं झाली, बाबा!"

ते वळसा घालून गेले, मागचं दार उघडलं आणि माझ्यासाठी धरून उभे राहिले, किंचित वाकून. मागे रांग ओरडायला लागली. शेवटी मीच बसले.

कोणीतरी हौसेने फोटो काढून दिला. मी आत, बाबा बाहेर दार धरून. इथे टाकणार होते, नाही टाकवत.

त्या गाडीत आता इंजिनसुद्धा नाहीये. तुम्हीच सांगा, ड्युटी संपली हे बाबांना कसं सांगायचं?