दारावरचं नाव

बाल्कन डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव आणि गेनाबाई आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. बाई मनाने वाईट नाहीत, पण नियम म्हटला की सख्ख्या भावालाही सोडायच्या नाहीत.

उशिरा आणलेल्या पुस्तकाला दंड अगदी चिल्लर होता. लोक तो हसत भरायचे आणि तेच पुस्तक पुन्हा घरी न्यायचे. सभासदांच्या सभेत कुणीतरी म्हणालं, दंड वाढवा.

"वाढवा! म्हणजे म्हातारे यायचेच बंद होतील," दिमो खाटीक म्हणाला.

गेनाबाई उठल्या. "पैसे नकोतच. नावं दारावर लावू. मनाची नसेल तर जनाची तरी लाज वाटेल."

आम्ही सगळ्यांनी हात वर केले. लाज दुसऱ्याची असली की हात कसा पटकन वर जातो!

ते दार ऐन चौकातलं. गावात कुणी वारलं की त्याच्या नावाचा कागदही त्यावरच लागतो. पण हे सभेत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पहिलं नाव लागलं वेल्कोआजोबांचं. मागच्या गल्लीत एकटेच राहायचे. बाईंनी ठसठशीत काळ्या अक्षरांत लिहिलं आणि डिंकाने चिकटवलं.

काही दिवसांनी त्यांची बहीण स्तोयना शेजारच्या गावाहून वाचनालयात आली. अंगावर काळे कपडे, हातात मयताला नेतात तसे उकडलेले गहू आणि दोन फुलं. आदल्या दिवशी बसच्या खिडकीतून तिला दारावर भावाचं नाव दिसलं होतं.

"कधी गेला गं? मला मेलीला कुणी कळवलंसुद्धा नाही!"

गेनाबाईंना हसू फुटलं. "अहो आजी, गेले नाहीत ते! पुस्तक आणलं नाही, एवढंच."

"मग आहे कुठे तो?"

बाईंना ते माहीत नव्हतं.

दोघी धावतच मागच्या गल्लीत गेल्या. आजोबा तापाने फणफणून अंथरुणात पडले होते. शेगडी थंडगार, पुस्तक उशाशी. स्तोयनाने भावाला उठवून बसवलं आणि तेच गहू चमच्याने भरवले. स्वतःच्याच मयताचे गहू खाणारा माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला.

मग ती बाईंकडे वळली. "नाव चिकटवायला डिंक मिळाला तुला, दार वाजवायला हात नव्हता?"

गेनाबाईंनी परत येऊन कागद नखांनी खरवडून काढला. पुढच्या सभेत त्यांनीच नियम मांडला: पुस्तक आलं नाही तर आधी घरी जाऊन बघायचं.

बरे झाल्यावर आजोबा पुस्तक घेऊन आले. आम्ही चार-पाच जण तिथेच होतो.

"पोरी, दंड किती?"

"नाही आजोबा, काही नाही."

"बरं, एक सांग. माझं नाव दारावर होतं, तेव्हा सगळं गाव इथूनच ये-जा करत होतं ना? माझी चौकशी कुणी केली?"

बाईंनी पुस्तक जमा करून घेतलं. "कुणीच नाही, आजोबा."

"मग मी गेलो असं स्तोयनाला वाटलं, त्यात तिचं काय चुकलं?" आजोबा म्हणाले आणि कपाटाकडे दुसरं पुस्तक शोधायला गेले.

आमच्यापैकी एकाचीही मान वर झाली नाही.