विमलताईंचा पेला

विमलताई मेश्राम तपासणीला कुठल्याही घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या, तेही घरातल्या लेकराकडे. मोठं माणूस उठलं तर त्याला बसवायच्या. पेला पुढे आला की पाण्याकडे बघतच नसत. मूल कुणाच्या तोंडाकडे बघतं, ते बघत. "मार खानारं लेकरू आधी मारनाऱ्याकडे पाह्यते, मंग पानी देते. फाइलीत थे दिसत नाही."

भिलाईत मुलांच्या संरक्षणाच्या कामावर मी त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा माझ्या जिभेला हाड नव्हतं. ताई तिथल्या सेक्टर दोनमध्ये राहायच्या, नवरा स्टील प्लांटमधून निवृत्त. घर गरीब म्हणून एका मुलीला आईपासून काढायचा कागद आला, तर त्यांनी तो साहेबांच्या टेबलावर परत ठेवला. "लेकरू उचलनं सोपं हाय साहेब. मंग त्याले माय कोन देनार?"

कोहका वस्तीतली पिंकी सात वर्षांची. आईबाप वारलेले, काका-काकूंकडे राहायची. पाठीवरचे वळ पाहून शाळेतल्या बाईंनी आम्हाला कळवलं. तपासणीची तारीख सांगायला मी दोन दिवस आधी एकटीच गेले. काकूनं चहा केला, गोड बोलली, आणि मी मूर्खासारखी ताईंचं कौतुक करत बसले. पाण्याच्या पेल्याचंही सांगून टाकलं. काकू हसून म्हणाली, "बडी होशियार हैं तुम्हारी मैडम."

ताई आल्या त्या दिवशी पिंकीनं पेला ताटलीत ठेवून आणला. सरळ ताईंच्या डोळ्यांत पाहिलं, हसलीसुद्धा. वळांचं विचारलं तर झाडावरून पडले म्हणाली. काकूनं तिला पढवलंय हे मला कळलं, पण बोलले असते तर माझंच बिंग फुटलं असतं. ताईंनी लिहिलं, मूल मोकळं आहे, घरीच राहू द्यावं.

तीन आठवड्यांनी पिंकीला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. काका-काकूंना पोलिसांनी नेलं.

ताईंनी सगळा दोष स्वतःकडे घेतला. पुढे त्यांनी कुठल्याच घरी पाणी मागितलं नाही, आणि जरा संशय आला की लेकरू उचलायला लागल्या. कितीतरी आया ऑफिसच्या पायरीवर रडत बसायच्या. त्यातल्या काहींचा काही दोष नव्हता, हे मला ठाऊक होतं. ताई खाली मान घालून आत जायच्या. तेव्हाही मी त्यांना खरं सांगितलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. भेटायला गेले तर म्हणाल्या, "पोरी, त्या पिंकीचं मले कावून नाही दिसलं? रोज तेच इचार करून राहिली मी."

मी उठून माठातलं पाणी आणलं आणि भिंतीकडे बघत पेला पुढे केला. ताईंनी पाण्याकडे पाहिलंच नाही. मी कुठं बघते, ते पाहिलं.

"पेल्याचं तूनं सांगतलं होतं त्यायले," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले. त्यांनी पेला न पिताच खाली ठेवला आणि कूस बदलली. आठवड्यानं त्या गेल्या. निदान शिव्या तरी द्यायच्या होत्या मला.