कोपऱ्यातली किक

बटालियन तेव्हा पंजाबातल्या एका छावणीत होती. मी हवालदार. पहाटे पाचला पी.टी., सातला परेड, संध्याकाळी साडेचारला रग्बी. नायक मोहन चौहान आमचा किकर. महिदपूरजवळच्या खेड्यातला, म्हणजे माझ्या उज्जैनचाच म्हणायचा. अंगाने काडी, पण खेळ संपल्यावर एकटा थांबून मैदानाच्या कडेवरून तीस किक मारायचा. मेसमध्ये त्याची डाळ रोज थंड व्हायची.

ब्रिगेडच्या फायनलला दोन मिनिटं उरली होती. समोरच्यांचे बारा गुण, आमचे सहा; तेही मोहनच्या दोन पेनल्टी किकचे. चेंडू माझ्याकडे आला. समोरच्यांच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच. मग जिथे टेकवला त्याच्याच सरळ रेषेत मागे येऊन एक किक, गोलपोस्टच्या मधून गेली की तिचे दोन. म्हणून रेषा ओलांडली की गोलपोस्टकडे पळायचं आणि किकरचं काम सोपं करायचं, हा रिवाज. वाट मोकळी होती. पण मागे पावलं वाजली आणि मी घाबरलो. चेंडू पार कोपऱ्यातच टेकवला.

बारा-अकरा. मोहन चेंडू घ्यायला आला.

"उस्ताद, इतने कोने में?"

"डर गया था."

"कोई बात नहीं."

त्याने वेळ घेतला आणि मारली. तेरा-बारा.

चार महिन्यांनी आम्ही डोंगरात, सीमेवर होतो. सकाळी सहा चाळीसला आमच्या गस्तीवर गोळीबार झाला. मी चौकीत रेडिओवर होतो.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

"नायक चौहान."

मी लॉगबुकात वेळ लिहिली. पुढचं अक्षर मला दिसेना.

निवृत्त होऊन मी उज्जैनमध्येच, नानाखेड्याला घर केलं. दर हिवाळ्यात मोहनच्या नावाने चार संघांची स्पर्धा भरवतो. यंदा आमचा सेक्रेटरी सुधीर मोबाइल नाचवत आला.

"काका, रग्बीचे रूल बदलायची बात चालू आहे. पेनल्टीचे तीनचे दोन करायचे. आणि ट्राय कुठेही होवो, नंतरची किक पोस्टसमोरूनच. आपण आत्ताच लागू करून टाकू. किकमध्ये टाइम खराब होतो, पब्लिक बोर होते."

"मोहनच्या स्पर्धेत नाही."

"पण सगळे म्हणतात..."

"म्हणू देत."

ती मॅच मी नव्या नियमाने मांडून पाहिली. समोरच्यांचे बारा ट्रायचे, ते तसेच; आमचे पेनल्टीचे सहाचे चार. बारा-अकरा, आम्ही हरलो. आणि माझी चूक? ती फुकटात माफ. हे मला मान्य नाही, मेलो तरी नाही. पळणाऱ्याला टाळ्या मिळतात, खुशाल मिळोत. पण त्याने अर्धवट टाकलेलं जो पुरं करतो, त्याची किंमत उतरवणारे हे कोण?

"काका, इमोशनल होऊन रूल नाही बनत."

"नसतील बनत. टीमना सांग, किक कोपऱ्यातूनच. सोपी हवी असेल त्याने पोस्टपर्यंत पळावं. मी पळालो नव्हतो."

सुधीरने मोबाइल खिशात घातला. पुढची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. मॅचनंतर मेजर साहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, कोपऱ्यात का? मी तोंड उघडायच्या आत मोहन सावधान उभा राहिला. म्हणाला, "साहब, मैंने ही बोला था. उधर से हवा ठीक थी."

गेला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.