साखळी भंगारात काढा

चहा घ्या आधी, मग सांगते. हसलात तरी चालेल. आमच्या घरात या गोष्टीवर तीस वर्षं हसणं चालू आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा असतो. तर इंग्लंडमध्ये मी एकदा मेयर व्हायला निघाले होते. झाले नाही. का झाले नाही, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण तुम्ही काय, घरचेच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही लंडनच्या पश्चिमेला राहायचो, विमानतळाजवळ. विमान डोक्यावरून गेलं की माणसं वाक्य अर्धवट सोडून थांबायची आणि ते गेलं की पुढचा शब्द उचलायची, इतकी सवय. श्रीकांत हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, मी एका केमिस्टकडे फार्मसिस्ट. आमची मुग्धा पाच वर्षांची. नुकतीच शाळेत जायला लागलेली.

आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, की ही पोरगी शाळेतून आल्याबरोबर दप्तर फेकून थेट बाथरूममध्ये पळते. दिवसभर जातच नव्हती. का? तर म्हणे, "चेनला हात नाही पोचत. मग घाण राहते. मग सगळे हसतात."

शाळा शंभर वर्षं जुनी. संडासही तेवढेच जुने. टाकी वर छताशी आणि तिची साखळी मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. मी बाईंना जाऊन भेटले. बाई गोड हसून म्हणाल्या, "होईल की हळूहळू उंच."

माझं डोकं फिरलं ते तिथे. मी पालकांची प्रतिनिधी म्हणून शाळेच्या मंडळावर उभी राहिले आणि निवडून आले. तिकडे त्याला गव्हर्नर म्हणतात. गव्हर्नर म्हणजे राजभवन वगैरे नव्हे हो, शाळेच्या कारभारी मंडळातली बिनपगारी सभासद. पण माझ्या आईने पुण्यात गल्लीभर सांगितलं की वैशाली लंडनची गव्हर्नर झाली. दोन वर्षं मला अभिनंदनाची पत्रं येत होती.

मंडळाच्या प्रत्येक बैठकीत मी एकच विषय लावून धरला. जुने संडास काढा, नवे बसवा, खाली टाकी आणि हाताशी दांडा. सगळ्यांना सहानुभूती असायची. सहानुभूतीनंतर चहा यायचा आणि चहानंतर पुढचा विषय. शेवटी कोणीतरी म्हणालं, हे कौन्सिलच्या हातात आहे. म्हणून मी कौन्सिलला उभी राहिले. एकतिसाव्या वर्षी कौन्सिलर झाले. तिथेही तेच. मी बोलायला उठले की लोक एकमेकांकडे बघायचे. आली, संडासवाली.

आता मेयरचं सांगते. तिकडे त्या वेळी मेयरला लोक निवडून देत नसत, कौन्सिलर आपसातच ठरवायचे. वर्षभराचं मानाचं पद. लाल झगा, गाडी आणि गळ्यात ही एवढी सोन्याची साखळी. आमच्या पक्षाचं बहुमत होतं, त्यामुळे आमचा गट ठरवेल तो मेयर. त्या वर्षी पाळी अल्बर्टची होती. अल्बर्ट हा निवृत्त प्लंबर, सत्तरीचा, वीस वर्षं कौन्सिलर. दर वर्षी त्याला सांगायचे, पुढच्या वेळी नक्की. तो ही गोष्ट बायकोला दर वर्षी सांगायचा, आणि आदल्या हिवाळ्यात ती बिचारी गेलीसुद्धा.

पण आमच्यातल्या तरुण मंडळींना नवा चेहरा हवा होता. त्यांचा पुढारी कॉलिन, दाढीवाला, कॉलेजात शिकवायचा आणि झोपेतही क्रांती करायचा. त्याने माझं नाव पुढे केलं. मी नाही म्हणायला हवं होतं का? हो. म्हटलं का? छे. मेयर झालं की संडास होतील, एवढंच माझ्या डोक्यात.

गटाची बैठक मंगळवारी दुपारी होती. दोन्ही उमेदवारांना प्रश्न विचारायचे, मतदान सोमवारी. आणि त्याच दिवशी, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर शिक्षण समितीने माझे संडास पुन्हा पुढे ढकलले. मी तणतणत जिना उतरले आणि पाच मिनिटं उशिरा खोलीत शिरले. आधी काय बोलणं चाललं होतं, मला पत्ता नाही. बसते न बसते तोच अध्यक्ष म्हणाले, "मिसेस दामले, चेनबद्दल तुमचं मत काय?"

मला वाटलं, चला, वरची बातमी खाली पोचली. मी उभीच राहिले.

"माझं मत सगळ्यांना माहीत आहे," मी म्हटलं. "ती चेन गेल्या शतकातली आहे. आजवर किती जणांचे हात लागलेत तिला. कोणी कधी धुतली तरी आहे का?"

म्हाताऱ्या मंडळींच्या भुवया वर गेल्या. कॉलिनचे डोळे मात्र चमकले.

"साध्या घरातल्या लहान मुलीचा हात तिथपर्यंत पोचत नाही. सांगतात काय, तर थांब, मोठी हो. का थांबायचं तिने? आणि ओढलीच कोणी, तर वर नुसता गडगडाट. खाली थेंब येत नाही."

"वा," कॉलिन म्हणाला. "अगदी हेच चाललंय या देशात." तरुण मंडळी टेबलं वाजवायला लागली. मला वाटलं, दोन वर्षांनी का होईना, संडासाचं महत्त्व कोणाला तरी कळलं.

अल्बर्ट समोर बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता. तो हळूच म्हणाला, "आणि काढल्यावर तिचं काय करणार, पोरी?"

"भंगारात," मी म्हटलं.

तो खाली बघत बसला. मला वाटलं, जुना प्लंबर, जुन्या सामानावर जीव असणार. म्हणून मी मायेने वर आणखी म्हटलं, "अल्बर्ट, तुमच्या काळात ठीक होती ती. आता तिचे दिवस गेले."

तुम्ही कपाळाला हात लावताय. मला तेव्हा तो लावायचं सुचलंसुद्धा नाही.

गुरुवारी गावातल्या साप्ताहिकाचा फोन आला. चेन भंगारात काढा, असं तुम्ही म्हणालात का? म्हटलं, हो, आणि मोठ्या अक्षरात छापा. त्यांनी छापलं. शुक्रवारी सकाळी श्रीकांत नाइट ड्यूटी करून आला तो पेपर हातात धरूनच.

"काय गं, मेयरची चेन भंगारात घालणार आहेस? सोनं आहे ते."

"मेयरची कुठली? शाळेतल्या..."

आणि मी खाली बसले. पेपरात माझा फोटो होता आणि शेजारी त्या साखळीचा. मंगळवारची माझी वाक्यं एकेक करून आठवायला लागली. किती जणांचे हात लागलेत. कोणी धुतली का. श्रीकांतला सांगितलं तर तो कोट तोंडावर धरून हसायला लागला.

तेवढ्यात कॉलिनचा फोन. "जमलं. मतं पक्की झाली. असं धाडसी भाषण या गटात कोणी केलं नव्हतं."

मी त्याला खरं सांगितलं. तो घाईघाईने म्हणाला, "हे अजून कोणाला सांगितलंस? सोमवारपर्यंत सांगू नकोस."

दुकानात एका आजींनी माझ्याकडून औषध घ्यायला नकार दिला, तर दुसरीने माझा हात दाबला. मराठी मंडळाच्या जोशीकाकांचा फोन आला, "वैशालीताई, भंगारात कशाला? मोडायचीच असेल तर आपल्या ओळखीचा सोनार आहे वेंब्लीला."

मेयरपद समोर होतं. फक्त तोंड मिटून बसायचं होतं. शनिवारभर मी बसलेसुद्धा. रविवारी दुपारी मात्र राहवेना. अल्बर्टचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

त्याने आत घेतलं, पण खुर्ची दाखवली नाही. म्हणाला, "त्या चेनखाली मखमलीची पट्टी असते, झगा घासू नये म्हणून. माझ्या डोरिसने जाण्याआधी शिवलीय ती. तुला माहीत नसेल."

"अल्बर्ट," मी म्हटलं, "मी शाळेतल्या संडासाबद्दल बोलत होते."

मी सगळं सांगितलं. मुग्धा, दप्तर, वरची समिती, जिना. मला वाटलं आता हसेल नाहीतर ओरडेल. त्याने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. मला बसायला सांगितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "टाकी किती उंचीवर आहे?"

"छताशी."

"आणि साखळी किती फूट?"

मला कुठलं माहीत? दोन वर्षं मी त्या साखळीवर भाषणं देत होते, मोजली कधीच नव्हती.

"हं," तो म्हणाला आणि किटली ठेवायला गेला.

सोमवारी मी गटापुढे उभी राहून खरं काय ते सांगितलं. माणसं इतकी हसली की अध्यक्षांना पाच मिनिटं काम थांबवावं लागलं. कॉलिन तेवढा हसला नाही. माझं मत मी अल्बर्टला दिलं, आणि बाकीच्यांनीही बहुतेक त्यालाच. निकाल ऐकल्यावर त्याने रुमालाने चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतून फोन आला, तुमचे होणारे मेयर इथे आलेत. मी धावत गेले. अल्बर्ट लहान मुलींच्या संडासात शिडीवर चढला होता. खाली हत्यारांची पिशवी, तोंडात तारेचा आकडा. घरून आणलेले साखळीचे तुकडे तो एकेका टाकीच्या साखळीला जोडत होता. दीड-दोन फूट असेल जेमतेम. सगळे संडास व्हायला त्याला अर्धा तास लागला. मग खाली उतरून म्हणाला, "वॉशरही बदललेत. आता पाणीही येईल."

संध्याकाळी मुग्धा शाळेतून आली. दप्तर जागेवर ठेवलं, शांतपणे बिस्किट घेतलं. तिला कळलं होतं की आजोबांनी चेन लांब केली. ती इंग्लंडमध्ये वाढलेली, तिचं मराठी तेव्हापासूनच असं.

"आई," ती म्हणाली, "तो आजोबा एका दिवसात केला. मग तू दोन वर्षं एवढा मीटिंगला जाऊन काय करायचा?"