पूर्वेकडे तोंड

ओलं गवत आणि डिझेल यांचा एकत्र वास आला की मला न्युरेम्बर्गजवळचं ते अंगण आठवतं. दोन हजार सहा-सात साल असेल. मित्राने मायदेशी निघालेल्या एका अमेरिकनाकडून पिकअप ट्रक आणि मागे ओढायचं फिरतं घर घेतलं होतं. माझ्याकडे ट्रेनचा पास. माझी बायकोही त्या घराभोवती हरखून फिरत होती. घर ट्रकला जोडायची सरकती जोडणी ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात होती आणि हौदा आखूड. गाडीच्या पूजेच्या आदल्या दिवशी मी गुपचूप टेप लावून पाहिली होती. जोडणी मागे न सरकवता तीव्र वळण घेतलं, तर घराचा कोपरा थेट केबिनमध्ये घुसणार. त्याला सांगितलं नाही; त्याची गाडी जरा खरचटू दे, असं मनात म्हटलं. पूजेच्या वेळी त्याच्या सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, गाडीचं तोंड पूर्वेला नको का?" त्याने त्या अरुंद अंगणात स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. मी नारळ धरून पाहत राहिलो. केबिनची मागची काच फुटली आणि मागच्या सीटवरच्या त्याच्या मुलीच्या केसांत तुकडेच तुकडे. नशिबाने तिला खरचटलंही नाही. तिला पोटाशी धरून तो मलाच म्हणाला, "तू कशाला रडवेला होतोस? तुला तरी काय माहीत असणार रे!" "नाही ना," मी म्हणालो. दर दिवाळीला त्याचा पहिला फोन मला असतो, आणि ते 'नाही ना' मी अजून मागे घेतलेलं नाही.