गयाबाईबद्दल मी बोललेलं खोटं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आज बोलते — नाहीतर राहूनच जायचं.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. साखऱ्याला आमचं एकत्र घर. पारू माझी पहिली लेक. मी तिला पाजायची, न्हाऊ घालायची. बोलायची मात्र नाही. एवढ्याशा लेकराला काय कळतं?

थोरली जाऊ गयाबाई. तिला मूलबाळ नव्हतं. ती पारूशी सारखी बोलायची. भाकरी थापताना म्हणायची, "बघ गं, तवा तापला." पारूनं "ऊं" केलं की हात थांबवून विचारायची, "व्हय? मग काय झालं?" — आणि खरंच उत्तराची वाट बघायची. पारू पाय झाडून पुन्हा "ऊं" करायची. मी वरून हसायची. आतून?

वर्षाची व्हायच्या आधीच पारू तिच्याकडे हात पसरून म्हणाली, "याया." गया म्हणायचं होतं तिला. पहिला शब्द — आणि तो माझा नव्हता.

मग मी सासूबाईंच्या कानाशी लागले. "वांझेची नजर लागून राहिली लेकराला. दूध ठरत न्हाई पोटात." दूध चांगलं ठरत होतं. सासूबाईंनी गयाबाईला बजावलं, पोरीला हात लावायचा नाही. ती परसात जाऊन गोवऱ्या थापत बसली.

पारू दाराकडे बघून "याया" म्हणायची. उत्तर येईना, तेव्हा तेही थांबलं. मी "आई म्हण, आई म्हण" करत राहिले. ती तोंड फिरवायची. पंधरा दिवस घरात तिचा आवाज नाही. मला भीती वाटली — पोर मुकी झाली तर?

तिला उचलून परसात निघाले. सासूबाई म्हणाल्या, "काहून नेतीस?" "दृष्ट काढली मी. आता भ्या न्हाई," मी म्हणाले. हे आणखी एक खोटं.

गयाबाईच्या मांडीवर पोर ठेवली. "बाई, मला हिच्याशी बोलता येत न्हाई. शिकवा."

"त्यात काय शिकायचं? ती बोलली की ऐकायचं. मग आपण बोलायचं. तू रडू नको."

महिन्याभरात पारू मला "आई" म्हणाली. पुढची तीन लेकरं मी तशीच वाढवली. सगळी बोलकी निघाली.

नजरेची गोष्ट सासूबाईंच्याच मनात आली, असं गयाबाई शेवटपर्यंत समजत राहिली. मी समजू दिलं. वांझ हा शब्द त्या घरात मी काढला होता. उद्या पारू येणार आहे. तिलाही हे सांगणार आहे.